तंबूत राहून सेरेंगेटी पाहायची असेल, तर

आफ्रिकेतील सफारीचा विषय घरात निघाला की पहिला प्रश्न बहुधा असा येतो, की आठ दिवसांत किती अभयारण्ये बघून होतील. टांझानियाच्या उत्तर भागात तंबूत राहून प्राणी पाहण्याचा बेत असेल, तर हा प्रश्न मागे ठेवावा आणि एका जागी सलग किती रात्री काढता येतील, हे आधी ठरवावे. दोनदा हा प्रवास केल्यानंतर माझे हे मत पक्के झाले आहे. पहिल्या खेपेस आम्ही सहा दिवसांत चार ठिकाणे केली आणि त्यातला निम्मा वेळ धुळीच्या रस्त्यांवर गेला. दुसऱ्या खेपेस सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यभागी, सेरोनेरा येथे, चार रात्री तंबू हलवला नाही, आणि आजही आठवते ते सगळे त्या चार दिवसांतलेच आहे.

तंबू लॉजपेक्षा स्वस्त पडतो हे खरे आहे, परंतु त्याचे मोल पैशांपेक्षा पहाटेच्या वेळेत अधिक आहे. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तेथे वर्षभर सकाळी साडेसहाच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी साडेसहा-सातला अंधारते. सिंह, बिबट्या, तरस यांच्या हालचाली दिसतात त्या या दोन टोकांच्या तासांत. दहानंतर ऊन चढले की बहुतेक प्राणी सावली धरून पडतात. बाहेर मुक्काम असेल तर पहाटेचा तास फाटकाच्या रांगेत जातो. तंबू उद्यानाच्या आत असेल, तर चहाचा कप खाली ठेवला की गाडी थेट वाटेवर असते. ताडोबात सकाळची आणि दुपारची अशा ठरलेल्या फेऱ्या असतात आणि वेळ संपली की गाडी बाहेर काढावीच लागते. त्या सवयीच्या माणसाला येथे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत आत राहता येते, हे सुरुवातीला खरे वाटत नाही.

महिना कोणता निवडावा

सेरेंगेटीचे क्षेत्र सुमारे १४,७६० चौरस किलोमीटर आहे आणि तेथील कळप एका जागी राहत नाहीत. १३ ते १५ लाख वाइल्डबीस्ट (गाईसारखे दिसणारे हरणाच्या जातीचे प्राणी) आणि त्यांच्यासोबत दोन लाखांहून अधिक झेब्रे पावसामागे, म्हणजेच कोवळ्या गवतामागे, वर्षभर फिरत राहतात. म्हणून आधी महिना ठरवून त्यानुसार तंबूची जागा निवडावी लागते. हे उलट्या क्रमाने केले तर रिकामे माळ पाहून परतण्याची वेळ येते.

जानेवारी ते मार्च या काळात कळप दक्षिणेला, न्दुतूच्या आसपासच्या आखूड गवताच्या माळांवर असतात. या मैदानावर जुन्या ज्वालामुखींची राख साचलेली आहे, त्यामुळे येथील गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर उतरतात, आणि दुभत्या माद्यांना नेमके तेच हवे असते. फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्ले जन्माला येतात. एवढी पिल्ले एकदम आल्यामुळे शिकारी प्राण्यांना खाऊन खाऊन किती खाता येणार, हा त्यामागचा निसर्गाचा हिशोब आहे. पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत पायावर उभे राहते. लहान मुलांना घेऊन जाणार असाल, तर माझ्या मते हाच हंगाम सर्वांत चांगला.

एप्रिल आणि मे हे मोठ्या पावसाचे महिने. कच्चे रस्ते चिखलाचे होतात, तंबू ओले राहतात, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने ते टाळावेत. जूनमध्ये कळप पश्चिमेकडे ग्रुमेती नदीच्या बाजूला सरकतात आणि जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीपाशी असतात. नदी ओलांडणाऱ्या कळपांची आणि मगरींची जी दृश्ये आपण पाहिलेली असतात ती तेथलीच. मात्र सेरोनेराहून त्या टोकाला, कोगातेंदेला, पोहोचण्यास चार-पाच तास लागतात आणि कळप नदीत कधी उतरेल हे कोणीही सांगू शकत नाही. तेव्हा त्यासाठी जायचे तर तेथेच किमान तीन रात्री ठेवाव्यात. नोव्हेंबरच्या हलक्या पावसात कळप पुन्हा दक्षिणेची वाट धरतात. मध्यभागी सेरोनेरा नदीच्या काठाने सिंह, बिबटे, पाणघोडे बाराही महिने असतात, त्यामुळे महिन्याबद्दल मन ठरत नसेल तर सेरोनेरा निवडावे.

मार्ग आणि मुक्काम

आखणीचे केंद्र अरुशा हे शहर. जवळचा विमानतळ किलिमांजारो आंतरराष्ट्रीय. मुंबईहून अदिस अबाबामार्गे तेथे उतरता येते, किंवा नैरोबीला उतरून नामांगाच्या सीमेवरून रस्त्याने पाच-सहा तासांत अरुशा गाठता येते.

आठ रात्री हाती असतील तर मी अशी वाटणी करेन. पहिली रात्र अरुशात, झोप भरून काढण्यासाठी. दुसरी तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात. जुलै ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत तेथील नदीवर हत्तींचे मोठाले कळप उतरतात, आणि माळभर जे प्रचंड बुंध्याचे वृक्ष उभे असतात ते आपल्या ओळखीचे आहेत: बाओबाब म्हणजेच आपली गोरखचिंच. त्यानंतर न्गोरोंगोरो या जुन्या ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावरून पुढे जाऊन सेरेंगेटीत चार रात्री. परतताना न्गोरोंगोरोच्या काठावर एक रात्र, दुसऱ्या सकाळी लवकर विवरात उतरणे, आणि शेवटची रात्र कारातू गावातील साध्या हॉटेलात, जेथे गरम पाण्याने मनसोक्त अंघोळ करता येईल. अरुशा ते सेरोनेरा हा पल्ला तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्यात सात-आठ तास सहज जातात, म्हणून एकाच दिवसात तो पार करण्याऐवजी वाटेत मुक्काम करावा.

उद्यानांतील तंबूच्या जागा दोन प्रकारच्या असतात. सार्वजनिक तळावर अनेक गटांचे तंबू एकत्र लागतात. तेथे सामाईक शौचालय, पाण्याचा नळ, आणि जाळी लावलेले स्वयंपाकघर व जेवणाची जागा असते. सेरोनेरातील अशा तळांची नावे पिंबी, न्यानी, तुंबिली, डिकडिक अशी आहेत. तेथील स्वाहिली भाषेत न्यानी म्हणजे बबून, तुंबिली म्हणजे एक लहान माकड. म्हणजे शेजारी कोण असणार हे नावातच सांगितलेले आहे. दुसरा प्रकार राखीव तळांचा. तेथे फक्त आपलाच गट असतो, शुल्क जास्त असते, आरक्षण बरेच आधी करावे लागते आणि पाण्यापासून शौचालयापर्यंत सगळे सोबत न्यावे लागते. पहिल्या खेपेस सार्वजनिक तळच घ्यावा. आजूबाजूला माणसे असण्याचा धीर पहिल्या दोन रात्री फार मोलाचा वाटतो.

न्गोरोंगोरोच्या काठावरचा सिंबा तळ समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांच्या आसपास आहे. जून ते ऑगस्टमध्ये तेथे रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो आणि दाट धुके उतरते. आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीने पातळ पांघरूण घेऊन गेलेली माणसे तेथे रात्रभर कुडकुडत बसलेली मी पाहिली आहेत.

कंपनी निवडताना आणि पैसे मोजताना

स्वतः गाडी भाड्याने घेऊन जाणारे काही जण आहेत, परंतु आपल्याकडील बहुतेकांनी चालक-वाटाड्या आणि आचारी देणाऱ्या स्थानिक कंपनीमार्फतच जावे. तिच्याकडे टांझानियाचा पर्यटन परवाना, ज्याला तेथे टाला म्हणतात, आहे का हे विचारावे आणि त्याची प्रत मागावी. दरपत्रकात केवळ एकूण आकडा असेल तर ते परत पाठवून तपशील मागवावा. प्रवेशशुल्क धरले आहे का, तळाचे शुल्क धरले आहे का, विवरात उतरण्यासाठी प्रत्येक गाडीमागे लागणारे वेगळे शुल्क धरले आहे का, आणि या सगळ्यावरचा १८ टक्के कर कोण भरणार, एवढे लेखी घ्यावे. सेरेंगेटीला जाणारा रस्ता न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रातून जातो, त्यामुळे केवळ ओलांडून जाण्यासाठीही तेथील शुल्क भरावे लागते, जाताना आणि येतानाही. दरपत्रके फसतात ती बहुधा याच जागी.

शुल्क चोवीस तासांच्या हिशोबाने आकारले जाते. दुपारी दोनला आत गेलात, तर निघण्याच्या दिवशी दुपारी दोनच्या आत बाहेर पडावे लागते. उशीर झाला तर पुन्हा पैसे. हा हिशोब वाटाड्यासोबत आदल्या रात्रीच करावा. त्यामुळे शेवटच्या दिवशीची सकाळची फेरीही पदरात पडते.

गाडीबद्दल दोन गोष्टी नक्की कराव्यात: छत वर उचलता येणारी लँड क्रूझर, आणि प्रत्येकाला खिडकीची जागा. सहापेक्षा जास्त माणसे एका गाडीत बसवू नयेत. अनोळखी लोकांसोबत एकत्र गाडी घेतल्यास खर्च वाचतो, परंतु एका प्राण्यापाशी थांबून राहण्याची मुभा जाते, आणि माझ्या दृष्टीने ते नुकसान मोठे आहे. दोन कुटुंबांनी मिळून स्वतंत्र गाडी करावी, हा मधला मार्ग सर्वांत चांगला. तंबूबद्दल विचारताना दोघांसाठी तीन माणसांचा तंबू, जाड गादी आणि पाऊस अडवणारे वरचे कापड मागावे. झोपण्याची पिशवी स्वतःची असावी किंवा भाड्याची घेणार असल्यास ती धुतलेली आहे याची खात्री अरुशातच करावी.

कागदपत्रे आणि औषधे

व्हिसा ऑनलाइन मिळतो. तो निघण्यापूर्वी काढून त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. पिवळ्या तापाच्या लसीकडे मात्र अजिबात दुर्लक्ष करू नये. इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश या तापाच्या पट्ट्यात येतात, आणि आपला प्रवास बहुधा त्यांतल्याच एका देशातून होतो. परतताना भारतात लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते नसेल तर प्रवाशाला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांवर मिळते आणि घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरली जाते, म्हणून तिच्यासाठी महिनाभर आधी वेळ घ्यावी. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभरासाठी मान्य आहे. प्रमाणपत्राचे ते पिवळे पुस्तक पासपोर्टच्या आतच ठेवावे. गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुले आणि साठीच्या पुढचे प्रवासी यांनी लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी सविस्तर बोलावे.

हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. त्या प्रवासापूर्वी सुरू करून परतल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या असतात. विमा घेताना दुर्गम भागातून विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते पाहावे, कारण सेरोनेराहून मोठे रुग्णालय फार लांब आहे.

सामान

चाकांची कडक बॅग घरी ठेवावी आणि कापडी मऊ पिशवी घ्यावी, कारण तीच गाडीच्या कोपऱ्यात बसते, आणि लहान विमानाने जाणार असाल तर १५ किलोंच्या मर्यादेत तशीच पिशवी चालते. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर टांझानियात १ जून २०१९ पासून बंदी आहे. घरून कपडे बांधून नेण्यासाठी कापडी पिशव्या वापराव्यात. कपडे मातकट, खाकी, फिके हिरवे असावेत. गडद निळा आणि काळा रंग टाळावा, कारण त्या रंगांकडे त्सेत्से माशी आकर्षित होते आणि तिचा दंश जीन्समधूनही जाणवतो. लष्करी छपाईचे कपडेही नेऊ नयेत. डोक्याला बांधायचा दिवा प्रत्येकाला स्वतंत्र हवा. तेथील वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, परंतु तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग लागतो.

दुर्बीण दोघांत एक असू नये. कॅमेरा एकाकडे असला तरी चालेल, पण दुर्बीण प्रत्येकाच्या गळ्यात हवी, नाहीतर प्राणी दिसताच गाडीत ओढाओढ सुरू होते. कॅमेऱ्याला टेकू म्हणून रिकामी कापडी पिशवी शिवून न्यावी आणि अरुशाच्या बाजारात ती तांदळाने किंवा शेंगदाण्यांनी भरावी; गाडीच्या कडेवर ती तिवईपेक्षा चांगली बसते, आणि शेवटच्या दिवशी तो तांदूळ आचाऱ्याला देता येतो.

शाकाहारी माणसांनी जेवणाची काळजी करू नये. चपाती, चाय, सांबुसा, पिलाऊ, अचारी (म्हणजे लोणचे) हे शब्द स्वाहिलीत आहेतच, कारण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी आपले व्यापारी संबंध फार जुने आहेत. गाडीलाही तेथे ‘गारी’ म्हणतात, आणि ‘सफारी’ हा शब्द आपल्या ‘सफर’प्रमाणेच अरबीतून आलेला आहे. आचाऱ्याला पहिल्याच दिवशी ‘सिली न्यामा’, म्हणजे मी मांस खात नाही, असे सांगावे आणि मासे व अंडी यांबद्दलही वेगळे स्पष्ट करावे. मेतकूट, लोणचे, लसणाची चटणी एवढे सोबत असले की तेथील भातभाजीला घरची चव येते. हे डबे रात्री गाडीत किंवा जाळीच्या स्वयंपाकघरात ठेवावेत, तंबूत कदापि नाही.

तंबूतल्या रात्री

या तळांना कुंपण नसते. हे वाक्य निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, शांतपणे सांगावे. तंबूचे बंद कापड ही प्राण्यांच्या दृष्टीने एक घन वस्तू असते आणि ती फाडून आत येण्याचे त्यांना काही कारण नसते. ते कारण आपण निर्माण करायचे नाही, एवढाच नियम आहे. म्हणून खाण्याचा एकही पदार्थ, साधी गोळी-बिस्किटेसुद्धा, आत नकोत. साबण आणि टूथपेस्टही स्वयंपाकघराजवळच्या पेटीत द्यावी. चेन शेवटपर्यंत, जमिनीच्या कोपऱ्यापर्यंत ओढावी. बूट आत घ्यावेत. आमच्या शेजारच्या तंबूतील एका मुलाने बूट बाहेर ठेवले होते. सकाळी एक बूट जागेवर होता आणि दुसऱ्याचा तळवा तीस पावलांवर सापडला, त्यावर दातांच्या चार खोल खुणा होत्या. तरसांना चामड्याचा आणि घामाचा वास आवडतो.

रात्री शौचालयास जावे लागले तर आधी तंबूतच थांबून ऐकावे. मग चेन वीतभर उघडून दिव्याचा झोत सावकाश, डावीकडून उजवीकडे, गोल फिरवावा. चमकणारे डोळे दिसले तर चेन लावून थांबावे, आवाज देऊन वाटाड्याला उठवावे. काहीच दिसले नाही तर दोघांनी मिळून जावे, पळू नये. संध्याकाळी सहानंतर पाणी बेताने प्यावे, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय.

पहिल्या रात्री झोप लागत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तरसाचा आवाज खालून सुरू होऊन एकदम वर चढतो, जणू कोणी प्रश्न विचारत आहे. सिंहाची डरकाळी कित्येक किलोमीटरांवरून येते, तरी ती जमिनीतून, गादीखालून आल्यासारखी वाटते. तिसऱ्या रात्री माझ्या पत्नीने अर्धवट झोपेत सांगितले, ‘आज लांब आहे’, आणि ती कुशीवर वळली. एका जागी अनेक रात्री काढण्याचा हा लाभ कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

गाडीत बसल्यावर

वाटाडे रेडिओवर एकमेकांना बातम्या देतात आणि बिबट्या दिसला की वीस गाड्या एका झाडाखाली जमतात. आपल्या वाटाड्याला पहिल्याच सकाळी सांगावे, की आम्हाला यादी पूर्ण करायची नाही, जेथे काही घडते आहे तेथे थांबायचे आहे. चौथ्या दिवशी सेरोनेरा नदीच्या काठी पिवळ्या सालीच्या बाभळीवर आम्हाला एक मादी बिबट्या दिसली. तिची शेपूट तेवढी खाली लोंबत होती. सगळ्या गाड्या छायाचित्रे घेऊन निघून गेल्या. आम्ही इंजिन बंद करून पावणेदोन तास बसलो. मग ती उठली, खोडावरून डोके खाली करून उतरली, आणि गवतातून एक पिल्लू तिच्याकडे धावत आले. ते तेथे असेल याची आमच्यापैकी कोणालाच कल्पना नव्हती, वाटाड्यालाही नाही.

वाट सोडून गाडी घालण्यास सांगू नये, त्याबद्दल वाटाड्याला दंड होतो आणि त्याचे काम जाऊ शकते. उभे राहून हाका मारणे, टाळ्या वाजवणे हे तर वर्ज्यच. न्गोरोंगोरोच्या विवरात, जे सुमारे ६०० मीटर खोल आहे आणि ज्याचा तळ २६० चौरस किलोमीटर भरतो, काळा गेंडा दिसण्याची शक्यता असते. तेथे दुर्बिणीने दूरवरचे राखाडी ठिपके नेटाने तपासावेत. जिराफ शोधण्यात वेळ घालवू नये, ते विवरात नसतात. तेथील जेवणाच्या जागी घारी हातातला घास उचलतात, तेव्हा डबा गाडीतच उघडावा.

वाटाडा आणि आचारी यांना शेवटच्या दिवशी बक्षिसी देण्याची पद्धत आहे. ती रक्कम अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावी आणि दोघांना स्वतंत्र पाकिटांत, हातात द्यावी. आचारी आपल्या आधी दोन तास उठलेला असतो.

मुंबईत उतरल्यावर पिवळे पुस्तक दाखवावे लागते, म्हणून ते मोठ्या सामानात टाकू नये. गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत पूर्ण कराव्यात. परतल्यानंतरच्या काही महिन्यांत कधीही ताप आला, तर तो साधा समजून अंगावर काढू नये. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांनी न विचारताही आपण टांझानियात जाऊन आलो आहोत हे त्यांना पहिल्या वाक्यात सांगावे.